नाताळ : एक शब्द आणि एक चित्र

डिसेंबर महिन्याच्या मध्यास सुट्ट्यांची सूचना फळ्यावर लिहिण्याचा आमच्या शाळेत प्रघात आहे. बुऱ्हाणपूर हे एकाच बाजारात मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजराती बोलणारे गाव. लोधीपुऱ्याकडून येणारी तीन मुले एका बाकावर बसली, तर तिघांच्या घरच्या बोली तीन निघतात. गेल्या वर्षी मी फळ्यावर 'नाताळची सुट्टी' असे लिहिले, तेव्हा एका तरुण सहकाऱ्यांनी अदबीने सुचविले, "सर, 'क्रिसमस' लिहावे, 'नाताळ' आता मुलांना कळत नाही." मी वर्गात विचारून पाहिले. एक मुलगी म्हणाली, "माझी आजी नाताळ म्हणते." मागच्या बाकावरून आवाज आला, "आमच्याकडे बडा दिन म्हणतात." तिसऱ्या एका चतुर मुलाने तर व्युत्पत्तीच सांगितली : "ना ताळ, तो नाताळ, ज्या सुट्टीला ताळ नाही ती." वर्ग हसला, मीही हसलो. परंतु घरी परतताना सहकाऱ्यांचे ते वाक्य मनातून जाईना. एखादा शब्द मुलांना कळेनासा झाला, एवढ्या कारणाने तो फळ्यावरून पुसावा, की तो त्यांना समजावून सांगावा? प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

प्रथम शब्दाचेच पाहू. 'नाताळ' हा आपण पोर्तुगीजांकडून घेतलेला शब्द होय, आणि मोल्सवर्थच्या कोशानेही त्याचे मूळ पोर्तुगीजच दाखविलेले आहे. पोर्तुगीज भाषेत या सणाला 'नाताल' म्हणतात. शेवटच्या 'ल'चा उच्चार त्या भाषेत जिभेच्या मागच्या भागाकडे झुकणारा, काहीसा जड असा होतो. मराठी कानाने तो 'ळ' म्हणून ऐकला. हा एकट्या शब्दापुरता योगायोग नव्हे. पोर्तुगीज 'ऑस्पिताल'चे आपण 'इस्पितळ' केले, तेही त्याच रीतीने. पाव, बटाटा, चावी, पगार, लिलाव, घमेले हे शब्द जसे किनाऱ्यावरून घाट चढून देशावर आले आणि येथले झाले, तसाच नाताळही झाला. ज्या शब्दाच्या अंगी 'ळ' आला, त्याला परका म्हणणे कोणत्याही मराठी माणसास जड जाईल.

पोर्तुगीज 'नाताल' हा लॅटिन 'नातालिस' या विशेषणापासून आला. त्याचा अर्थ 'जन्माचा', 'जन्मासंबंधीचा'. त्याच मुळापासून इटालियनांचा 'नाताले', स्पॅनिश लोकांचा 'नाविदाद' आणि फ्रेंचांचा 'नोएल' निघाला. आपल्या वाचकांस हा शब्द आणखी एका ठिकाणी भेटलेला असतो, पण ओळख पटलेली नसते. वास्को द गामा १४९७ सालच्या नाताळात आफ्रिकेच्या दक्षिणपूर्व किनाऱ्याजवळून जात होता, म्हणून त्याने त्या भूमीस 'नाताल' हे नाव दिले. १८९४ साली गांधीजींनी जेथे 'नाताल इंडियन काँग्रेस' स्थापिली, तीच ही भूमी. महात्माजींच्या चरित्रातला नाताळ आणि दिनदर्शिकेतला नाताळ हे एकाच शब्दाचे दोन मुक्काम आहेत, हे सांगितल्यावर माझ्या वर्गातील मुलांचे डोळे विस्फारले होते.

परंतु याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. लॅटिन 'नातुस' म्हणजे 'जन्मलेला'. त्याचे जुने रूप 'ग्नातुस' असे होते. आरंभीचा 'ग' पुढे गळाला. तुलनात्मक भाषाशास्त्राने हे निश्चित केले आहे की, हा 'ग्नातुस' आणि संस्कृत 'जात' हे एकाच प्राचीन शब्दाचे दोन वंशज होत. नुसता धातू समान आहे असे नव्हे, तर प्रत्ययही समान. दोन्ही भूतकालवाचक धातुसाधितेच आहेत. 'जन्' धातूपासून आपल्याकडे जन्म, जननी, जनक, जाती हे शब्द झाले. ज्योतिषी ज्याला 'जातक' म्हणतो, त्या शब्दाचा अर्थ आणि 'नातालिस'चा अर्थ इतके जवळ आहेत की, एकाच्या जागी दुसरा ठेवावा. तात्पर्य, 'नाताळ' आणि 'जन्माष्टमी'तील 'जन्म' ही एकाच कुळातील भावंडे आहेत. ती हजारो वर्षांपूर्वी वेगळी झाली, एक पश्चिमेस गेले, एक येथे राहिले. आणि गेलेले भावंड सोळाव्या शतकात गलबतात बसून कोकणच्या किनाऱ्याला परत लागले. दाराशी आले तेव्हा कोणी त्यास ओळखले नाही, तरी घरात घेतले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ध्वनिसाम्य दिसले की नाते जोडण्याचा मोह आपल्याला फार होतो. ना-ताळ अशी फोड करणारा माझा विद्यार्थी त्या मोहात एकटा नाही. 'ख्रिस्त' आणि 'कृष्ण' या नावांच्या साम्यावरून गेल्या दोन शतकांत पुष्कळ लिहिले गेले. दोन्ही जन्म रात्रीचे, दोन्हींच्या भोवती गुरे आणि गुराखी, दोन्ही ठिकाणी बालकांचा घात करणारा राजा, तेथे हेरोद आणि येथे कंस. जर्मन पंडित वेबर यांनी १८६७ साली जन्माष्टमीवर लिहिताना ख्रिस्ती प्रभावाचा पक्ष मांडला. रा. गो. भांडारकरांसारख्या साक्षेपी संशोधकानेही १९१३ सालच्या आपल्या वैष्णव पंथांवरील ग्रंथात असा तर्क केला की, बालदेवाची उपासना आणि ख्रिस्ताचे नाव आभीरांनी बरोबर आणले असावे. गोव्यात आणि बंगालमध्ये 'कृष्ण' या नावाचा उच्चार 'क्रिस्तो'सारखा होतो, हा त्यांच्या पुराव्याचा एक भाग होता. आम्हां बुऱ्हाणपूरकरांस या तर्काचे विशेष कुतूहल वाटते, कारण आमच्या शेजारच्या असीरगडाचे नावच आख्यायिकेने आसा अहीर नावाच्या गवळ्याशी जोडलेले आहे.

डॉ. भांडारकरांबद्दल पूर्ण आदर राखूनही हा तर्क स्वीकारता येत नाही. देवकीपुत्र कृष्णाचा उल्लेख छांदोग्य उपनिषदात आहे. कंसवधाचे आख्यान पतंजलीच्या महाभाष्याच्या काळी लोकांस माहीत होते. आणि आपल्याच प्रदेशात विदिशेजवळ हेलिओदोरस या यवन वकिलाने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला, तो ख्रिस्ताच्या जन्माच्या शंभराहून अधिक वर्षे आधी. 'ख्रिस्त' हा तर ग्रीक शब्द, 'अभिषिक्त' या अर्थाचा. हिब्रू 'मशीआख'चे, म्हणजे आपल्याकडे उर्दूतून आलेल्या 'मसीहा'चे, ते भाषांतर. 'कृष्ण' म्हणजे सावळा. या दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. जेथे नाते दिसते तेथे ते नाही, आणि 'नाताळ' व 'जात' यांच्यात जेथे ते दिसत नाही तेथे ते आहे. व्युत्पत्तीच्या अभ्यासाने विद्यार्थ्यास एवढा एक विवेक शिकविला, तरी तास सार्थकी लागला असे मी मानतो.

या सणाच्या इतर नावांकडेही ओझरते पाहू. इंग्रजी 'ख्रिसमस' मधील 'मस' म्हणजे लॅटिन 'मिस्सा', देवळातील मुख्य उपासना. गोव्याचे आणि वसईचे कॅथलिक बांधव आजही 'मिस्सा' हाच शब्द वापरतात. म्हणजे जो शब्द इंग्रजीत झिजून शेपटीसारखा उरला, तो कोकणात अखंड नांदतो आहे. मध्यरात्रीच्या मिस्सेला पोर्तुगीज लोक 'कोंबड्याची मिस्सा' म्हणतात, हेही जाता जाता सांगण्याजोगे. हिंदीतील 'बडा दिन' या नावाचा अर्थ 'या दिवसापासून दिनमान वाढू लागते' असा पुष्कळ लोक लावतात. पंचवीस डिसेंबर हा दिवस रोमन पंचांगात दक्षिणायनाच्या समाप्तीचा मानला जाई आणि रोममध्ये चौथ्या शतकात ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून त्याची नोंद झाली. तेव्हा संक्रांतीला तिळगूळ वाटणाऱ्या आपल्या समाजास तो अर्थ पटावा, हे स्वाभाविक आहे. तथापि 'बडी ईद', 'बडी दिवाळी' या प्रयोगांत 'बडा' म्हणजे केवळ 'थोर' असतो. येथेही तोच साधा अर्थ मला अधिक संभवनीय वाटतो.

आता या शब्दाच्या इतिहासातील एका कठीण भागाकडे वळले पाहिजे. पोर्तुगीज अमलाबरोबर गोव्यात शब्द आले, तशी सक्तीही आली. १५६० साली तेथे इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. १६८४ साली देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम निघाला. हे विसरून नाताळाची गोडवी गाणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. परंतु त्याच भूमीत, त्या हुकमाच्या अडुसष्ट वर्षे आधी, १६१६ साली राशोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्याचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज. १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली वारला. त्याने ख्रिस्ताची कथा दहा हजारांहून अधिक ओव्यांत मराठीत गाइली. मराठीला त्याने फुलांतील मोगऱ्याची उपमा दिली, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण त्याहून लक्षात घेण्याजोगे आहे ते त्याचे शब्दभांडार. स्वर्गाला तो 'वैकुंठ' म्हणतो, आणि ग्रंथाला 'पुराण'. ग्रंथ रोमन लिपीत छापला, पण त्याचा श्वास ज्ञानदेव-एकनाथांच्या ओवीचा आहे. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यात त्याची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा तो सामान्य मराठी वाचकाच्या हाती सुखाने आला.

असे असता सणाचे नाव मात्र लोकांनी पोर्तुगीजच ठेवले. 'ख्रिस्तजन्म', 'ख्रिस्तजयंती' ही रूपे ग्रंथांत राहिली, ओठांवर बसला तो नाताळच. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली. पोर्तुगीज गेले, किल्ल्यातील देवळे ओस पडली, शब्द राहिला. पुढे इंग्रज आले. त्यांनी आपली भाषा शाळेत, कचेरीत, न्यायालयात बसविली. परंतु मराठी माणूस 'नाताळची सुट्टी' म्हणत राहिला. राष्ट्रसभेची पुष्कळशी अधिवेशने या सुट्टीतच भरत. आमच्याच तापीच्या खोऱ्यात, खानदेशातील फैजपूर येथे, खेड्यातले पहिले अधिवेशन भरले ते १९३६ सालच्या नाताळात, २७ आणि २८ डिसेंबरला. ज्या शब्दाला सक्तीचा वास होता, तो सक्ती करणारे गेल्यावर, आणि ज्यांच्यावर सक्ती कधी झालीच नव्हती अशा लोकांच्या तोंडी टिकला. भाषेने त्याला आपल्या इच्छेने ठेवून घेतले, याहून वेगळा पुरावा कोणता हवा?

शब्दाची ही कथा झाली. चित्राची कथा याच्या नेमकी उलट आहे.

नाताळाचे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते, त्यात गोठा, बाळ, माता, गुरे, मेंढपाळ, तारा आणि तीन राजे असतात. यातील सर्वच मूळ ग्रंथात नाही. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आहेत आणि बाळाला गव्हाणीत निजविल्याचा उल्लेख आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष आणि तारा आहे. बैल आणि गाढव दोहोंतही नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या एका वचनावरून आले आणि चौथ्या शतकातील रोमन शवपेट्यांवर कोरले गेले. ज्ञानी पुरुष किती होते, हे मत्तय सांगत नाही. देणग्या तीन, म्हणून माणसे तीन मानली गेली, आणि पुढे त्यांच्या डोक्यांवर मुकुट चढले. त्यांना मुळात 'मागी' म्हटले आहे, तो शब्द प्राचीन इराणी पुरोहितांचा वाचक. आपल्याकडील 'मग' ब्राह्मणांचे नाव याच शब्दाशी जोडले जाते. मांडवीच्या मुखाशी असलेल्या रेईश मागुश या गावाचे नाव म्हणजे 'मागी राजे' एवढाच अर्थ. तेथे दर वर्षी ६ जानेवारीस गावातलीच तीन मुले राजे होऊन घोड्यांवरून येतात. जिवंत माणसांनिशी गोठ्याचा देखावा उभारण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो या इटालियन गावी लोकप्रिय केली. म्हणजे हे चित्र कोणा एकाने काढलेले नाही. बारा-तेरा शतकांच्या भक्तीने ते हळूहळू भरत आणले आहे, जसे आपल्याकडे पाळण्यातल्या कृष्णाचे भरत आले.

येथे मराठीच्या पदरी एक भाग्य आले. इतर भाषांना जेथे पुस्तकी शब्द शोधावा लागला, तेथे आपल्याकडे 'गव्हाण' तयार होती. गुरांना वैरण घालण्याची ही जागा प्रत्येक शेतकऱ्याच्या गोठ्यात असते. संस्कृत 'गवादनी' या शब्दाशी तिचे नाते लावले जाते. मराठी बायबलातील तो प्रसंग वाचताना खानदेशातील किंवा वऱ्हाडातील मुलाला टीप द्यावी लागत नाही. त्याला वैरणीचा वास येतो. चित्र परदेशचे, पण त्याच्या मध्यभागी ठेवलेली वस्तू आपल्या अंगणातली.

या चित्राचा आणि आमच्या गावाचा एक जुना संबंध आहे. १५८० साली जेझुइट पाद्री प्रथम फत्तेपूर सीक्री येथे अकबराच्या दरबारी आले, तेव्हा त्यांनी छापील चित्रे आणि बायबलाचे भव्य खंड भेट आणले. बादशहाच्या चित्रकारांनी ती चित्रे उत्सुकतेने उतरून घेतली. मनोहर, केसूदास, बसावन अशा नामांकित कलावंतांच्या हातून ख्रिस्ती विषय मोगली रंगांत उतरले. नंतरच्या तुकडीचा प्रमुख होता जेरोम झेविअर, गोव्यात ज्याचे शव पूजिले जाते त्या संत फ्रान्सिस झेविअरच्या घराण्यातला. १६०० साली अकबर फारुकींचे राज्य घेण्यास बुऱ्हाणपुरास आला आणि येथून वीस किलोमीटरांवरील असीरगडास त्याने वेढा घातला, तेव्हा हा जेरोम झेविअर आणि त्याचा सोबती बेन्तो द गोईश हे त्याच्या छावणीत होते. गड पडला १६०१ च्या जानेवारीत. म्हणजे १६०० सालचा नाताळ त्या वेढ्याच्या दिवसांत आला. पुढच्याच वर्षी, १६०२ साली, झेविअरने अब्दुस्सत्तार या लाहोरच्या विद्वानाच्या साहाय्याने फारसीत ख्रिस्तचरित्र पुरे केले. 'मिरातुल् कुद्स', म्हणजे 'पावित्र्याचा आरसा', हे त्याचे नाव. त्याच्या हस्तलिखितांत मोगल चित्रकारांनी जी चित्रे घातली, त्यांत येशूची कथा हिंदुस्थानी इमारतींत आणि दरबारी पोशाखांत घडते. मुसलमान प्रेक्षकालाही ही माता अनोळखी नव्हती. कुराणातील एक सबंध सूरा मरियमच्या नावाचा आहे, आणि त्यात तिच्या प्रसूतीचे स्थळ गोठा नसून खजुरीच्या झाडाचा बुंधा आहे.

फारुकींच्या बुऱ्हाणपुरास या देवघेवीचे नवल वाटले नसते. आमच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेख कोरलेला आहे, १५९० सालचा. त्यात ईश्वराची स्तुती आहे, फारुकी राजांची वंशावळ आहे, आणि तिथीची नोंद शक-संवतासह आहे. मशिदीच्या भिंतीवर देवनागरी अक्षरे कोरविणारा आदिलशाह फारुकी आणि ख्रिस्ताच्या कथेत वैकुंठ आणणारा स्टीफन्स हे एकाच पिढीतले पुरुष. दोघांचा मार्ग एक : सांगणे आपले, शब्द ऐकणाऱ्याचे.

हाच मार्ग विसाव्या शतकात एका चित्रकाराने धरला. अँजेलो दा फोन्सेका हा मूळचा गोव्याचा, जन्म १९०२ चा. शांतिनिकेतनात नंदलाल बोस आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या परंपरेत तो शिकला. त्याने मरियमला साडी नेसविली. तिचा वर्ण आपल्याकडील बायकांचा केला, तिला अनवाणी चालविले, तिच्या भोवती आपल्या मातीचे रंग भरले. गोव्यात यावर कठोर टीका झाली. ज्यांनी परदेशी चेहऱ्याचीच पूजा केली होती, त्यांना तो चेहरा बदललेला सोसेना. तो पुण्यास आला, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला, आणि १९६७ साली मृत्यू येईपर्यंत रंगवीत राहिला. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यातच, पर्वरी येथील झेविअर इतिहास संशोधन केंद्रात, जपलेला आहे. ज्या भूमीने त्यास दुखविले, तिनेच अखेर त्याची चित्रे सांभाळली.

शब्द आणि चित्र यांच्या या दोन वाटा शेजारी ठेवून पाहाव्यात. चित्र आपले व्हावे म्हणून कलावंतांना प्रयत्न करावा लागला. पोशाख बदलावा लागला, टीका सोसावी लागली. शब्दासाठी कोणी प्रयत्न केला नाही. तो परक्या वेषातच आला, एक 'ळ' तेवढा अंगावर घेतला, आणि राहिला. आणि शोध घेता असे निघाले की, ज्याला आपण परका समजत होतो तो 'जन्म' या आपल्या शब्दाच्या कुळातलाच होता. रेव्हरंड टिळकांनी आरंभिलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले 'ख्रिस्तायन' वाचताना मला हे दोन्ही प्रवाह एकत्र मिळाल्याचा भास होतो : कथा दूरची, वाणी घरची.

मग आज हा शब्द मागे का पडत आहे? 'ख्रिसमस' कानावर अधिक येतो, दुकानांवर आणि जाहिरातींत तोच दिसतो, आणि मराठी मुलखाच्या सीमेवर, आमच्यासारख्या गावांत, घरची भाषा आधीच अर्धी हिंदीत मिसळलेली असते. नव्या शब्दाशी माझे वैर नाही. 'नाताळ'ही एके काळी नवाच होता. परंतु नवा शब्द घेताना जुना केवळ 'कळत नाही' म्हणून टाकला, तर त्याबरोबर वास्को द गामा आणि गांधीजींचे नाताल, स्टीफन्सच्या ओव्या, वसई आणि फैजपूर, आणि 'जात' या धातुसाधिताचे इतके जुने भाऊबंद हे सर्व वर्गाबाहेर जाते. शब्द न कळणे हा मुलांचा दोष नाही. तो सांगावयाचा राहिला, हा आम्हां शिक्षकांचा आहे.

म्हणून त्या सहकाऱ्यांना मी दुसऱ्या दिवशी सांगितले की, फळ्यावर तिन्ही नावे लिहू. त्यांनी स्वतः खडू घेतला आणि वर 'नाताळ', त्याखाली 'बडा दिन', त्याखाली 'ख्रिसमस' असे लिहिले. मधल्या सुट्टीत मी पाहिले, तर 'ना ताळ' म्हणणारा तो चतुर मुलगा आपल्या शेजाऱ्याला 'इस्पितळ' या शब्दातला 'ळ' बोट ठेवून दाखवीत होता.